डावीकडे ओढणारी गाडी

आबा, परवा एका गिऱ्हाइकाची जुनी गाडी जॅकवर चढवली आणि तुमची आठवण आली, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मास्तरांना लिहायचं म्हणजे अजून शुद्धलेखनाची धास्ती वाटते.

आपली गाडी तुम्ही कोऱ्हाळ्याच्या बागायतदारांकडून घेतलीत तेव्हाच जुनी होती, पण पळायला लागली की कारखान्याच्या साहेबांच्या गाड्या मागे पडायच्या. निरवांगीत आपल्या वस्तीतली ती पहिलीच चारचाकी. व्यवहाराला मी नव्हतो, तरी हकीकत मला पाठ आहे. त्यांनी तुम्हाला बैठकीत खुर्ची दिली, घरच्या कपबशीत चहा दिला आणि म्हणाले, मास्तर, स्टेअरिंग जरा ओढतंय, बाकी बघायला नको. त्याच घराच्या अंगणात आजोबांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. गाडीपेक्षा त्या चहावरच तुम्ही जास्त खूश होतात.

मी तेव्हा आयटीआय करून घरी बसलेलो. भोसरीहून नोकरीचं पत्र आलं, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. तुम्ही म्हणालात, "गाडी सरळ चालली की जा. तोवर न्हाय." झालं, अडकलो. रोज संध्याकाळी तुमच्या शेजारी बसून भवानीनगरच्या रस्त्याला चकरा. ब्रेक मारून सोडला की गाडी डावीकडे खेचते, कडेनं चाललेल्या उसाच्या बैलगाडीच्या अंगावर जाते, तुम्ही दातओठ खात स्टेअरिंग उजवीकडे दाबून धरता आणि मी जीव मुठीत घेऊन बसतो. टायरची हवा बघितली, स्टेअरिंगच्या टाय रॉडचे एंड बदलले, बारामतीला चाकांची अलाइनमेंट करून आणली. गाडी तशीच. सकाळी डोळे उघडले की मला आधी कॅलेंडर दिसायचं.

सहाव्या दिवशी उतरल्याबरोबर मी चारही चाकांना हात लावला. पुढचं डावं चटका बसेल इतकं तापलेलं, उजवं नुसतं कोमट. जॅक लावला तर ते चाक हातानं फिरेना. ब्रेकचं तेल सोडायचा निपल सैल करताच तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगून चोंदला होता, दाबानं गेलेलं तेल परत येत नव्हतं, म्हणून पाय काढला तरी ते चाक धरूनच राहायचं. स्टेअरिंगचा काही दोष नव्हता. मी धावत येऊन सांगितलं, तर तुम्ही हातातला पेपरही खाली ठेवला नाहीत.

"तू पिलास का चहा त्यांच्या बैठकीत? मी पिलोय. स्टेअरिंग म्हणालं म्हंजी स्टेअरिंगच. ब्रेकला हात लावायचा न्हाय."

इतका राग आला होता तुमचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत गेल्यावर इंदापूरहून नवा पाइप आणून बसवला. जुन्यावर पकडीनं चिमटल्याचे व्रण होते. दोष शोधायला कुणीतरी आधीच तो दाबून बघितला होता. म्हणजे बागायतदारांना ठाऊक होतं. पाइप भंगारात फेकला आणि संध्याकाळी तुम्हाला म्हणालो, स्टेअरिंगचा एक नट ढिला होता.

पुढे तुम्ही असेपर्यंत, कुणीही पाहुणा आला की मला समोर बोलावून विचारायचात, "सांग रं, स्टेअरिंगच हुतं का न्हाय?" आणि मी म्हणायचो, "व्हय आबा." माझ्या लग्नात त्या बागायतदाराला तुम्ही पहिल्या रांगेत बसवलंत, मला त्याच्या पाया पडायला लावलंत, आणि मी पडलो. गावातून सुटलो, पण त्या एका वाक्यातून काही सुटलो नाही.

बायको म्हणते, बापाचं मन मोडू नये म्हणून खोटं बोललात. तिला मी कधी खोडून काढलं नाही. तुम्ही हयात असतात तर हा कागदही मी लिहिला नसता. पण तसं नव्हतं आबा. खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला घेऊन कोऱ्हाळ्याला जाब विचारायला निघाला असतात, आणि मला दुसऱ्या दिवशी भोसरीला पोचायचं होतं. तुमच्या मनाचा विचार मला फार नंतर सुचला.