हळद-कुंकू लावलेला डबा

बोरीवली पूर्व
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय शुभावहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार. दादाच्या गुडघ्याचं तेल आणि गोळ्या याच पिशवीत आहेत. गोळ्या त्याला दे आणि हे पत्र तू एकटी वाच. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू "अगं, असू दे गं" म्हणतेस आणि माझं पुढचं वाक्य तिथेच अडतं.

इकडे सगळे बरे. स्वरदाची सहामाही झाली. मार्कांबद्दल ती बोलत नाही, म्हणून आम्हीही विचारत नाही. रविवारी तू बांधून दिलेले सुके बोंबील अजून तसेच आहेत. पितृपंधरवडा संपला की करीन, असं मी घरी सांगितलंय. खरं कारण ते नाही.

रविवारचंच लिहायचं आहे. माझ्या हातातला बॅटरीचा नवा डबा बघून जेटीवरच तुझा चेहरा उतरला. मला वाटलं, पंधरवड्यात नवी वस्तू आणली म्हणून. घरी पोचल्यावर चहाचं आधण ठेवून, माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, "शर्मी, रागावू नकोस हं. तुझा तो जुना डबा गेला."

"गेला म्हणजे?"

"शिमग्याच्या सुमारास फुगला गं, उशीसारखा. दिवे लागेनात. तू एवढ्या प्रेमानं दिलेला, तुला कळवायला तोंड नव्हतं मला. शेवटी यांनी होडीतून नेऊन खाडीत सोडला."

मी "खाडीत?" म्हणून ओरडले, तशी तू वळलीस. "मग काय कचऱ्यात टाकू? दोन दसरे हळद-कुंकू लावलंय त्याला, झेंडूची माळ घातलीय. लाल फडक्यात बांधून, वर नारळ ठेवून सोडला."

बाहेरून दादा म्हणाला, "मी विचारलं होतं हिला, गणपती आहे का तो? तर मलाच वल्हवायला बसवलं."

तू हसली नाहीस. माझी माफी मागितलीस. मी म्हणाले, "राहू दे गं वहिनी, आता दुसरा आणलाय ना." तुझे डोळे भरून आले. मी सांगितलं तशी तू आत जाऊन मोरपिशी साडी नेसून आलीस, नव्या डब्याशेजारी उभी राहिलीस आणि मी तुझा फोटो काढला.

वहिनी, जुना डबा बंद पडल्याचं मला मार्चमध्येच कळलं होतं. त्यात एक चिप असते. डबा चालू आहे की नाही, ते आमच्या गोरेगावच्या ऑफिसात दिसतं. मार्चपासून तुझ्या घरासमोरची रेघ सपाट होती. मी रोज बघत होते. तुला सांगायची लाज वाटत होती आणि मला विचारायची भीती.

तू सगळ्यांना "आमची शर्मी बॅटऱ्यांची डॉक्टर" म्हणून सांगतेस. तसं काही नाही गं. खाणीतून माती उपसली तिथपासून कारखाना, बोट, वापर आणि शेवटी ती बॅटरी कुठे जाते तिथपर्यंत, प्रत्येक टप्प्यावर हवेचं, पाण्याचं, मातीचं किती नुकसान झालं ते मी मोजते. बॅटरी बनतानाच इतकं नुकसान करून येते, की ते भरून निघायला तिनं खूप वर्षं चालावं लागतं. विजेवरच्या स्कूटरमधून काढलेल्या जुन्या बॅटऱ्या तुमच्यासारख्या घरांत आणखी आठ वर्षं दिवे लावतील आणि मग कारखान्यात परत येतील, असं माझा अहवाल म्हणतो. त्याच्या आधारावर किनाऱ्यावरच्या गावांत असे शेकडो डबे वाटायचे आहेत. शेजारच्या रत्नप्रभाताईंनी त्यासाठी नाव दिलंय ते तुझ्या शब्दावर.

आमचा साहेब देवव्रत, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो म्हणाला, "मॅडम, नवा डबा बसवा आणि फोटो घ्या. डबा किती जुना ते फोटोत थोडंच दिसतं? तुमच्याच घरचं आहे ना यार."

माझ्याच घरचं होतं, म्हणून ते मला जमलं. परक्या बाईला साडी बदलून उभी राहा म्हणायला माझी जीभ रेटली नसती. अहवालात तुझ्या फोटोखाली मी लिहिलं, "मनोरी येथील कुटुंब. दोन वर्षे अखंड वापर." रविवारी मी तुझ्यासाठी आले नव्हते, वहिनी. आणि तू मागितलेली माफी मी खुशाल घेऊन, वर बोंबील घेऊन, परतीच्या बोटीत बसले.

अजून एक आहे. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात तो जुना डबा तुला दिला, तेव्हा तो फुगला तर काय करायचं, कुणाला परत द्यायचा, यातलं काहीच मी सांगितलं नाही. भेट देताना तिच्या शेवटाचं काय बोलायचं, असं वाटलं. अहवालात मात्र तो परत आला, असं धरून मोकळी झाले. जे पुजलं ते पाण्यात सोडायचं, हे तुला माहीत होतं आणि तू तेच केलंस. पाण्यात त्याचं काय होतं, ते माहीत असलेली मी होते.

आज तो फोटो काढून टाकला. खरं ते लिहिलं: दीड वर्ष चालला, फुगला, खाडीत गेला. तेवढ्यानं सगळं गणित उलटं झालं. देवव्रत म्हणाला, "वाट लावलीत मॅडम." सोमवारी कंपनीच्या लोकांपुढे मलाच उभं राहायचं आहे. त्यानंतर नोकरी राहील की नाही, माहीत नाही. घरी अजून बोलले नाही.

शनिवारी येते. डबा नेमका कुठे सोडला, ते दादाला आठवून ठेवायला सांग. ओहोटीला चिखलात शोधू. सापडेलच असं नाही. सापडला तर तुम्ही हात लावू नका, मी घेऊन जाईन. रत्नप्रभाताईंना तोवर थांबायला सांग. का म्हणून विचारलं तर माझं नाव सांग.

आणि नव्या डब्याचं. दसरा जवळ आला. त्यालाही माळ घालीन म्हणालीस. नको घालूस. आज ना उद्या तोही संपेल. त्या दिवशी लाजू नकोस, मला फोन कर आणि तो माझ्या हातात परत दे. एकदा का त्याला हळद-कुंकू लावलंस, की तुला तो देववणार नाही.

बोंबील शनिवारी परत आणतेय. हे सगळं वाचूनही द्यावेसे वाटले, तर पुन्हा बांधून दे.

तू म्हणशील तर तुझीच,
शर्मी