चर्चच्या पायरीपासून मोजलेली उंची

मी, विनिता जेम्स रुमाव, वय ३३ वर्षे, धंदा सर्वेक्षण, राहणार गिरीज, तालुका वसई, जिल्हा पालघर, परमेश्वराचे स्मरण करून हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही. ती येत्या गुरुवारी, १५ ऑक्टोबरला, बदलणार आहेत. डॉक्टरांनी धोक्याचा आकडा सांगितला आहे. तो लहान आहे. पण लहान आकड्यांवरच माझे पोट चालते, त्यामुळे त्याने माझे समाधान झाले नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. हा तिसरा मसुदा आहे. पहिले दोन मी फाडले, कारण त्यांत राग जास्त आणि मालमत्ता कमी होती. यापूर्वीचे काही कुठे सापडल्यास ते रद्द समजावे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निधी शांताराम परब हिने करावी. निधी विरारला राहते आणि सात वर्षे माझ्याबरोबर जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजणी करते. तिला नेमण्याचे कारण एवढेच, की ती कुणाच्या सांगण्यावरून रिडिंग बदलत नाही. आमच्या धर्मातले काही अडले तर तिने हिलरीकाकांना विचारावे. ते आमचे शेजारी आहेत आणि चाळीस वर्षे चर्चमध्ये गातात.

कलम २. राहत्या घरातला माझा हिस्सा, बँकेतली शिल्लक आणि विमा हे सर्व माझी आई श्रीमती मोनिका जेम्स रुमाव हिला. बाबा चार वर्षांपूर्वी काहीही लिहून न ठेवता गेले आणि कागद सरळ करण्यात आमचे सव्वा वर्ष गेले. तिला ते पुन्हा करावे लागू नये. माझ्या कपाटातल्या साड्या तिनेच माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवल्या आहेत. त्यांचे काय करायचे ते तिला ठाऊक.

कलम ३. नाल्याला लागून असलेली साडेतीन गुंठ्यांची केळीची वाडी श्रीमती रंभा शत्रुघ्न भोईर यांना. रंभाकाकींचे घर नाल्याच्या पलीकडे, सगळ्यांत सखल जागी आहे. अट अशी, की या वाडीत कधीही भराव टाकू नये. भरती आणि पाऊस एका वेळी आले की नाल्याचे पाणी आधी या वाडीत पसरते आणि मग घरांकडे वळते. केळीला दोन दिवस पाण्यात उभे राहता येते, घरातल्या माणसांना येत नाही. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात किती टिकेल ते सांगता येणार नाही. म्हणून अट लिहिली आणि माणूसही पाहून निवडले. बांधावरच्या माडांचे नारळ आईने हयातभर घ्यावेत.

नातेवाईक विचारतील की वाडी घराबाहेर, धर्माबाहेर का दिली. त्यांना सांगावे की पाणी आमच्याकडे आणि रंभाकाकींकडे एकाच वाटेने येते.

कलम ४. माझी ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण), तिची तिवई आणि उभी धरायची मोजपट्टी निधीला. वापरण्यापूर्वी तिने दोन खुंट्या ठोकून तपासणी करावी. यंत्र तीस मीटरला दोन मिलिमीटर खोटे दाखवते. ते मला माहीत आहे म्हणून मला चालते. तिने दुरुस्त करून घ्यावे. निधी एकदा म्हणाली होती, "विनू, तू स्वर्गात गेलीस ना, तर दाराची उंची दोनदा घेशील." घेईन.

कलम ५. या कलमात मालमत्ता नाही. तरी ते वगळले तर पुढचे कळणार नाही.

माझा आतेभाऊ सॅन्टन डाबरे यंदा जानेवारीत नगरसेवक म्हणून निवडून आला. मी त्याच्यासाठी घरोघरी फिरले. मी कुणासाठी घरोघरी फिरणारी नाही, हे गावाला माहीत आहे. फिरले ते रस्त्याखालच्या एका मोरीसाठी. नाल्यावरून रस्ता जातो तिथे काही वर्षांपूर्वी पाणी जायला सिमेंटचे दोन मोठे नळ टाकले, ते नाल्याच्या तळापेक्षा उंच बसवले. पाणी नळापर्यंत चढेस्तोवर मागे घरांत शिरते. मी चार रविवार चर्चमधली उपासना, म्हणजे मिस्सा, झाल्यावर सगळा नाला मोजला. नळाचा तळ नाल्याच्या तळापेक्षा ४२ सेंटीमीटर वर आहे. सॅन्टन गावच्या क्रूसाजवळ उभा राहून म्हणाला की पावसाळ्याआधी नळ काढून मोरी खाली नेतो. माझे आकडे मी त्याला मोबाइलवर पाठवले.

मार्चमध्ये पालिकेच्या एका बैठकीत तो हा विषय मांडणार होता. त्यानंतर तो गप्प झाला. विचारले की म्हणायचा, फाइल फिरतेय. पुढे मला लांबून पाहिले की स्कूटर वळवू लागला. २१ जुलैला रंभाकाकींच्या घरात ३६ सेंटीमीटर पाणी होते. त्यांनी तांदळाचा डबा पलंगावर आणि पलंग विटांवर चढवला होता. मी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून घेतली. त्या आठवड्यात सॅन्टनचा वाढदिवस होता. हात जोडलेल्या सॅन्टनचा फ्लेक्स त्याच मोरीच्या कठड्याला बांधला होता आणि त्याची खालची कड पाण्यात होती.

मला राजकारणातून फार अपेक्षा कधीच नव्हत्या. पण वरचे, दूरचे नेते निराश करतात तेव्हा टीव्ही बंद करता येतो. हा माझ्या आत्याचा मुलगा होता. बाबा गेल्यावर आत्याने एक शब्द न विचारता वाडीवरचा आपला हक्क सोडला होता.

कलम ६. २ ऑगस्टच्या रविवारी पहिल्या मिस्सामध्ये वाचनाची पाळी माझी होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रवचनानंतर वाचक पाच विनंत्या वाचतो, आणि प्रत्येकीनंतर लोक म्हणतात, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." पहिली चर्चसाठी, दुसरी आजाऱ्यांसाठी, तिसरी शेतकरी आणि मच्छीमारांसाठी. चौथी राज्यकर्त्यांसाठी. ती मी वाचली नाही.

थेट पाचवी वाचली असती तर लोकांचा ताल चुकला असता. म्हणून चौथीला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी कागदावरची नजर न उचलता उभी राहिले. नऊ सेकंद. आणि तीनशे माणसांनी उत्तर दिले. "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." एका आवाजात, न केलेल्या विनंतीला.

पाचवी वाचताना माझा आवाज स्थिर होता, पण मी काय वाचले ते मला आठवत नाही.

बाहेर हिलरीकाकांनी मला गाठले. "पोरी, चौथी कुठं गेली?"

मी सांगितले, वाचली नाही.

"मग आम्ही उत्तर कशाला दिलं?"

"सवयीनं, काका."

"सवयीनं तर सवयीनं," ते चप्पल शोधत म्हणाले. "पोचायची ती पोचली. पानी काय वाट विचारून जातं?"

घरी आईला आधीच कळले होते. आई शाळेत शिक्षिका होती. ती रोज संध्याकाळी जपमाळ म्हणते आणि तिसरे दशक, म्हणजे दहा मण्यांचा तिसरा गट, राज्यकर्त्यांसाठी देते, एकेकाचे नाव घेऊन. मत दिले त्यांचे आणि ज्यांना मुद्दाम दिले नाही त्यांचेही. मी तिला विचारले की या माणसांसाठी प्रार्थना करून ती त्यांना शाबासकी का देते. ती म्हणाली, "शाबासकी कुठली? हजेरी घेते मी. मी नाव वगळलं तर पोरगं सुटलंच की." मग माझ्याकडे न बघता, "तू त्याला सोडून दिलंस, विने. मी नाही."

मला राग आला, आणि तो उतरला नाही. त्यानंतर दहा रविवार मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले आणि चौथ्या विनंतीला तोंड मिटून घेतले. आजूबाजूचे उत्तर देत. कलम ३ पर्यंत मी शांतपणे लिहू शकते. इथे पेन तीनदा खाली ठेवले. ठोका चुकतो तो झडपेमुळे, असे समजते.

कलम ७. रद्द. (कलमांचे क्रमांक बदललेले नाहीत. क्रमांक बदलले की मागचे संदर्भ चुकतात. रद्द का, ते खाली.)

१८ सप्टेंबरला निधी कामासाठी पालिकेत गेली होती. तिथे एक किस्सा अजून सांगतात म्हणून तिने तो मला हसत हसत सांगितला. मार्चच्या बैठकीत एक नवे नगरसेवक उठले आणि म्हणाले की आमच्या नाल्याचा तळ आठ मीटर उंचीवर आहे आणि नळ त्याहूनही वर. अभियंत्याने विचारले, "साहेब, आठ मीटर कुठून? समुद्रसपाटीपासून? मग तुमचं गाव टेकडीवर आहे. बुडतं कसं?" सगळे हसले. नगरसेवक खाली बसले. तेव्हापासून त्यांना आठ मीटरवाले म्हणतात.

सांगता सांगता निधीने माझ्याकडे पाहिले आणि थांबली.

मोजणी सुरू करताना एखादी पक्की जागा धरून तिची उंची आपणच ठरवावी लागते. मी चर्चची पायरी धरली आणि तिला १०.००० मीटर लिहिले. सोयीचा आकडा, सगळे असेच करतात. समुद्रापासून ती पायरी जेमतेम साडेतीन मीटरवर आहे. हे माझ्या लेव्हल बुकच्या, म्हणजे मोजणीच्या वहीच्या, पहिल्या पानावर लिहिले आहे: "सर्व उंची चर्चच्या पायरीपासून. समुद्रसपाटीपासून नव्हे." त्याच पानावर मोरीचे चित्र आणि ४२ सेंटीमीटरचा फरक आहे. मी मोबाइल उघडून पाहिले. सॅन्टनला चार फोटो पाठवले होते. पान दोन, तीन, चार, पाच.

सात वर्षांत मी कुणाला पहिल्या पानाशिवाय आकडे दिलेले नाहीत. त्याला दिले, कारण तो घरचा होता आणि घरच्याला काय समजावायचे, असे वाटले.

माझी चूक सॅन्टनच्या मागच्या सात महिन्यांना पुरत नाही. घर माझे तीनशे पावलांवर आहे. येऊन विचारता आले असते. तो लाजला, आणि ती लाज रंभाकाकींच्या घरात ३६ सेंटीमीटर चढली. पण माझे नाव त्या रेघेखाली आहेच.

रद्द केलेले कलम असे होते: पहिले पान बंद पाकिटात घालून माझ्या मृत्यूनंतर सॅन्टन डाबरे याला द्यावे. पुन्हा वाचताना कळले, की माझी चूक त्याला कळावी पण ती कळताना मी तिथे नसावे, अशी ती व्यवस्था होती. मी ती इतकी नीट केली होती की मला लाज वाटली.

कलम ८. अंत्यविधी साधा असावा. शवपेटीवर मोठा हार नको. मिस्सामध्ये पाचही विनंत्या वाचाव्यात. चौथी अशा माणसाने वाचावी, जो त्या वेळी राज्यकर्त्यांवर रागावलेला असेल. शोधायला वेळ लागणार नाही. तिचे शब्द मी लिहून देते, त्यांत बदल करू नये:

"आमच्यावर राज्य करणाऱ्यांसाठी प्रार्थना करू या. जे कळत नाही ते विचारायची त्यांना लाज वाटू नये, आणि जे कळते ते पूर्ण सांगायचा आम्हाला आळस होऊ नये."

या प्रार्थनेने मोरी खाली जाईल असा माझा दावा नाही. तशी खात्री देणारे कोणतेही रिडिंग माझ्याकडे नाही. एवढेच नोंदवते, की मी गप्प राहून जी जागा रिकामी ठेवली ती रिकामी राहिली नाही, आणि याचे स्पष्टीकरण मला अजून सापडलेले नाही.

कलम ९. साक्षीदार दोन लागतात, आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा नियम आहे. त्यामुळे आई, निधी आणि रंभाकाकी बाद. हिलरीकाकांना यात काही नाही, याचा अर्थ त्यांचे माझ्यावर काही नाही असा कुणी काढू नये.

दुसऱ्या साक्षीदारासाठी शुक्रवारी मी सॅन्टनला फोन केला. जुलैनंतर पहिल्यांदा. त्याला झडपेचे माहीत नव्हते. त्याने ऑपरेशनची तारीख दोनदा विचारली. मग म्हणाला, "मीच का?"

"तुझी सही सगळीकडे चालते. प्रचारात तूच सांगत होतास."

"त्यात माझ्याविरुद्ध काय लिहिलंयस?"

"आहे. साक्षीदारानं वाचायचं नसतं. मी सही करताना बघायचं असतं."

"म्हणजे तुझ्यासमोर उभं राहायचं," तो म्हणाला. मी हो म्हटले. तो येतो म्हणाला.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून लेव्हल बुकचे पहिले पान या दस्तात नाही. ते आज सही करण्यापूर्वी, माझ्या हाताने, चूक कुणाची ते सांगून, सॅन्टनला दिले जाईल. कलम ७ याच कारणाने रद्द.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही केली.

ठिकाण: गिरीज, वसई
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२६, रविवार, दुसऱ्या मिस्सानंतर

सही: विनिता जेम्स रुमाव

साक्षीदार १: विनिताने माझ्यादेखत सही केली. तिचा हात स्थिर होता.
हिलरी पास्कोल तुस्कानो

साक्षीदार २: सही माझ्यासमोर झाली. पान पहिले मिळाले. त्यातली दुसरी ओळ मला समजली नाही. उद्या सकाळी दहाला मोरीवर येऊन दाखव. चालत येऊ नकोस, रिक्षा पाठवतो.
सॅन्टन डाबरे