भाताच्या खाणावळीत भाताशिवाय

आई, मी आता भात खात नाही. हे तुला कळलं असतं तर तू आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं असतंस. कारापूरच्या रस्त्यावरची आपली खाणावळ अजून चालू आहे. चुलीच्या जागी गॅस आला, पण उकड्या तांदळाचं मोठं पातेलं तिथंच खिडकीखाली असतं, आणि दुपारी झाकण काढलं की वाफ पुढच्या बाकांपर्यंत येते. खाणीवरचे ट्रकवाले आता फारसे येत नाहीत. कारखान्यातले कामगार येतात, बँकेतली माणसं येतात, आणि तीही ट्रकवाल्यांसारखीच माशाचं हुमण संपायच्या आत ‘आणखी शीत वाढ’ म्हणतात. मी वाढतो.

तुझ्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती ते दिवस मला अधूनमधून आठवतात. साखर वाढली आहे, भात कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारची गर्दी ओसरल्यावर तू कोपऱ्यातल्या मेजावर जेवायला बसलीस आणि मी तुझ्या ताटातला अर्धा भात काढून घेतला. तू हात आडवा धरलास. “ठेव तो परत. अख्ख्या गावाक मी जेवूक घालतंय आणि माका माझ्याच घरात उपाशी ठेवतस?” दारात हात धूत असलेले दोन ट्रकवाले हसले. मी भात परत ताटात टाकला. संध्याकाळी भांडी घासताना तू आपणहून बोललीस, माझ्याकडे न बघता. “आमच्याकडे पेडण्याक पेज आसायची, तीय पातळ. तळाक शीत गावला तर आमी भावंडां भांडायचों. आता पातेलाभर भात माझो आसा, आणि तू माका तो सोड म्हणतस.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग पुढच्या वर्षी तू. यात भाताचा वाटा किती आणि जखमेवर नुसती हळद लावत बसण्याचा किती, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

माझं निघालं ते डोळ्यांवरून. समोरच्या बसची पाटी धूसर दिसायला लागली, म्हणून चष्मा करायला गेलो, तर चष्मेवाल्याने आधी रक्त तपासून या म्हणून सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरात कोणाला मधुमेह होता?” मी म्हटलं, “आईला. पाय कापावा लागला.” त्यांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या. घरी आलो आणि त्याच दिवशी सगळं बंद केलं. भात, पाव, चहातली साखर, केळी, सगळं. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. गोळ्या मात्र नेमाने घेत राहिलो.

थोड्याच दिवसांनी डिचोलीच्या बाजारात बांगडे घेताना माझे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम सुटला, आणि समोरची मासेवाली काय बोलते आहे ते ऐकू येऊनही समजेना. तिने मला ओढून आपल्या पाटावर बसवलं. “हांगा बस. उठूं नाका,” म्हणाली आणि शेजारच्या गाड्यावरून गोड लिंबू सोडा मागवून पेला माझ्या तोंडाला लावला. सोडा संपला, हळूहळू बाजार पुन्हा जागेवर आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या चिडल्या. “जेवण तुम्ही बदललंत, मग गोळी कोणी बदलायची? साखर खाली जाणारच.” त्यांनी गोळी कमी केली. आणि जाताना म्हणाल्या, “मला तुमची जिद्द नको. रोज जमेल एवढंच काहीतरी ठरवा.”

मग तेवढंच ठरवत गेलो. सगळ्यात आधी माझी जेवायची वेळ बदलली. पूर्वी गिऱ्हाईक उठल्यावर उरलेल्यातून जेवायचो, तेव्हा भूक इतकी असायची की हात सरळ पातेल्याकडेच जायचा. आता पंगत बसायच्या आधी जेवतो. पोट भरलेलं असलं की दुसऱ्याला भात वाढणं हे नुसतं काम होतं. ताटात पहिल्यांदा भाजी घेतो, अर्धं ताट भरेपर्यंत. कोबी, दुधी, पावसात तायकिळा, वर ओलं खोबरं. मग मासा, रवा न लावता तव्यावर भाजलेला. हुमण वाटीत घेऊन पितो. पहिल्यांदा प्यालो तेव्हा तुझी सून बघत राहिली. “चहा काय तो?” म्हणाली. आता तीच माझी वाटी आधी काढून ठेवते. खिशात भाजलेले शेंगदाणे असतात, कारण चार वाजता भजी तळायला घेतली की माझा माझ्यावर भरवसा नसतो. सकाळच्या पाववाल्या पोदेराला थांबवायला सगळ्यात जास्त दिवस लागले. तो दारात भोंगा वाजवायचा आणि मी सवयीने उंडे घ्यायचो. शेवटी त्याला म्हटलं, खाणावळीचे पाव मागच्या दाराने दे, पुढे भोंगा वाजवू नको. तो म्हणाला, “पावाचेर राग कित्याक?” राग नाही, जवळीक आहे, असं मी म्हटलं. त्याला ते पटलं नाही, पण तो मागून जायला लागला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गणपतीच्या चवथीला पेडण्याला तुझ्या माहेरी गेलो होतो. मामी आता वाकून चालते, पण वाढताना हात तसाच सैल. “एवढोसो घे,” म्हणत तिने भाताचा डोंगर घातला, वर वरण, बाजूला गोड नेवऱ्या. मी नको म्हणालो. तिने विचारलं, “माझ्या हातचां नको?” मी जेवलो. पूर्वी असा एक दिवस चुकला की पुढचा अख्खा आठवडा सोडून द्यायचो, आता बुडालंच आहे तर बुडू दे म्हणून. या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंडी उकडली. बाकी काही केलं नाही. मला वाटतं, इतक्या दिवसांत मी खरं शिकलो ते एवढंच.

गेल्या पावसाळ्यात मोरीत फुटलेल्या काचेवर पाय पडला. टाच चिरली. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पट्टी करून घेतली, आणि नंतर रोज सकाळी आरसा जमिनीवर ठेवून टाचेकडे बघायचो. तुझी सून बाजूला उभी राहायची. लाल होतं ते गुलाबी झालं, कडा जवळ आल्या, खपली धरली. एका सकाळी खपली पडली आणि खाली कोरडी, धड कातडी दिसली. ती म्हणाली, “भरली.” मी हो म्हटलं आणि खाणावळ उघडायला गेलो.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, पाठवता येणार नाही, ते मला माहीत आहे. आणखी एक सांगतो. आज तुझी आठवण आली म्हणून मी लिहायला बसलो नाही. शेवटचं गिऱ्हाईक उठलं, पातेल्याच्या तळाला करपट-खरपूस शीत उरलं, आणि घरात कोणी नव्हतं. हात कशात तरी गुंतवायला हवे होते. पेन सापडलं. आता तुझी सून आली आहे, पातेलं मोरीत नेऊन पाणी ओतते आहे, म्हणून इथंच थांबतो.