शेजारच्या फाईलचा ठपका

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, डायलिसिस केंद्रातला निवृत्त प्रोग्रामर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शरीर थकले आहे, पण त्याला कायद्याची हरकत नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, टाळत होतो.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. अकरा वर्षांत तिने या घराची पायरी चढलेली नाही. तरीही तिलाच.

२. माझी कुरकुरणारी खुर्ची केंद्राच्या व्यवस्थापकांना. नवी मागून मागून माझी पाठ गेली. आता त्यांनी बसून पाहावे.

३. प्रोग्रामची वही केंद्राला. ती माझ्या निजायच्या खोलीत, खिडकीलगतच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. ‘समोरच्या कपाटात’ असे मुद्दाम लिहिलेले नाही. वाचणारा कुठे बसला असेल, मला काय ठाऊक? हे शहाणपण मला उशिरा आले.

४. रुग्णांच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम मी लिहिला. त्यात एक ओळ होती: शेजारची यादीची फाईल घे. शेजारची म्हणजे माझ्या फाईलच्या शेजारची, असे मी धरून चाललो होतो. पण प्रोग्राम ज्या फोल्डरमधून सुरू करावा, तिथली फाईल तो उचलत असे. मी नेहमी एकाच जागेवरून सुरू करायचो, म्हणून कधी बिघडले नाही. बहीणही तिथेच कामाला होती. एका सकाळी तिने तो दुसऱ्या फोल्डरमधून सुरू केला. तिथे त्याच नावाची जुनी यादी पडून होती. नऊ रुग्णांना चुकीचे दिवस दिले गेले. एक आजोबा सुजलेल्या पायांनी दारातून परत गेले. मी सगळ्यांदेखत तिला म्हणालो, “तूच यादी बदललीस. अक्कल नाही तर येतेस कशाला कामाला?” तिने नोकरी सोडली. आठवड्याने चूक माझ्याच ओळीत सापडली. फाईलचा पूर्ण पत्ता घालून ती गुपचूप दुरुस्त केली आणि तोंड मिटून बसलो. मला याची लाज वाटते. हे कलम माझ्यामागे केंद्रात, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचावे.

साक्षीदार म्हणून आलेल्या परिचारिकाबाईंनी एवढे वाचून चष्मा काढला. “मेल्यावर सांगणार? आत्ता फोन लावा की!”

लावला.

“दादा, ती ओळ मी त्याच दिवशी पाहिली होती,” बहीण म्हणाली. “तू कधी सांगतोस, एवढंच बघत होते.”

तेव्हा कलम चारमधले ‘माझ्यामागे’ रद्द समजावे. सोमवारी मीच जाऊन वाचतो. केंद्राचा जिना चढवला नाही तर खालून वाचेन.

साक्षीदार: १. परिचारिकाबाई (सही) २. आमच्या घराच्या जिन्याखालचे शिंपी (सही)
ठिकाण: माझ्या घरातले स्वयंपाकघर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१९
(सही)