शेजारची पट्टी

३ तारीख, सोमवार
आलो बाबा एकदाचा! पंधरावा मजला. खिडकीतून अख्खं गाव काडेपेटीएवढं दिसतं. एके काळी या इमारतीत घर आहे म्हटलं की पोराची सोयरीक चुटकीसरशी जमायची. पहारेकरी म्हणाला, आजोबा, आता तीच पोरं इथे आई-बाप ठेवून जातात. हसला. मीही हसलो. लेकीने ऐकलं नसावं.

खाली दाराशी मोठा फळा आहे. प्रत्येक घराची एक लाकडी पट्टी, तिच्यावर नाव. पांढरी बाजू म्हणजे माणूस घरी, लाल म्हणजे बाहेर. पूर्वी आग लागली होती, तेव्हापासूनची शिस्त. ज्याची त्याने उलटायची, दुसऱ्याच्या पट्टीला हात लावायचा नाही. लेक दर रविवारी येणार. पट्टी पांढरी दिसली तरच वर येईन, म्हणाली. लिफ्टचा भरवसा नाही, तिचे गुडघे दुखतात.

५, बुधवार
आमच्या मजल्यावर माझी एकटीच पांढरी. जीव खालीवर झाला. शेजारच्या घराची पट्टी पांढरी करून आलो. तेवढीच सोबत. कुणाचं काय जातंय?

६, गुरुवार
शेजारी बिऱ्हाड आलंसं दिसतं! दुपारी खुर्ची सरकली, कुणी खोकलं. बरं वाटलं. पहारेकऱ्याला विचारलं. त्याचा चेहरा उतरला. तिथे एक म्हातारे असायचे, म्हणाला, रविवारी लेकाची वाट बघत. लेक कधी आलाच नाही. दोन वर्षांपूर्वी चौघांनी त्यांना खाली नेलं, तेव्हा पट्टी मीच लाल केली, म्हणाला.

७, शुक्रवार
सकाळीच जाऊन ती लाल केली. वर येतो तर भिंतीवर टकटक. पुन्हा खाली गेलो — पांढरी. पहारेकरी शपथेवर सांगतो, हात लावला नाही. तुम्हीच बोलावलंत, म्हणाला.

कशाला नसत्या उठाठेवी केल्या!

८, शनिवार
माझी पट्टी लाल. तीनदा पांढरी केली. तीनदा लाल. शेजारची पांढरी, आणि तिच्यावर — अक्षर अक्षर लावून वाचलं — माझं नाव.

पहारेकऱ्याला हाका मारल्या. त्याने मान वर केली नाही.

९, रविवार
दार उघडत नाही. कडी काढलेली, तरी नाही.

लेक आली. खिडकीतून दिसतेय, हातात डबा. ओरडतोय. वर बघत नाही. आत गेली, फळ्यापाशी असेल —

लिफ्ट आली. तिचीच पावलं. माझ्या दारावरून पुढे गेली —

शेजारचं दार उघडलं. ती म्हणतेय, बाबा, किती वाळलात हो. आत जाऊ नकोस, पोरी, मी इथे, या बाजूला, मी —