पाचव्या होळीची रजा

देवपूर, धुळे
२८ जानेवारी २०२६

ती. ललिताअक्कास,
बादलचा सा. न. वि. वि.

तुझ्या आश्रमशाळेच्या टेकडीवर मोबाइलची रेंज अजून चढलेली नाही, म्हणून हे पत्र रावेरच्या गाडीने पाठवतो आहे. माझी तब्येत बरी आहे. वसतिगृहाच्या डाळीत डाळ शोधावी लागते, पण भाकरी गरम मिळते.

आता मुद्द्याचं. आमच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागलं. माझी तुकडी चार मार्चला आहे. कॉलेजच्या कॅलेंडरात होळीची सुट्टी एका दिवसाची. आपली पावऱ्यांची होळी एका दिवसात मावते का? त्यातून यंदा माझी पाचवी होळी. तान्हेपणी मी तापाने निपचित पडलो तेव्हा आईने बोललेला नवस, पोरगा जगला तर पाच होळ्या बुध्या होऊन नाचेल, तो यंदा फिटायचा आहे. बुध्याने होळीच्या आधीपासून जत्रा संपेपर्यंत अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, अंगावर चुन्याचे ठिपके काढून, कमरेला भोपळे नि घुंगरू बांधून गावोगावच्या होळीला जायचं. मधूनच उठून येऊन ॲसिडच्या बाटल्या कशा हाताळू?

खोलीतला भूषण म्हणतो, यात अवघड काय, डॉक्टरचा दाखला आण आणि टायफॉइड झाला म्हण, आजाऱ्यांची परीक्षा नंतर घेतात. त्याने मायेनेच सांगितलं, पण मला ते गिळवत नाही. तुझं मत कळव. आईला इतक्यात काही सांगू नकोस.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
बादल

*

आश्रमशाळा, ता. रावेर
३ फेब्रुवारी २०२६

चि. बादल यास,
ललिताअक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. बाबांनी हरभरा काढला. आई तुझ्या टोपासाठी मोरपिसं जमवते आहे, आणि शेजारच्या सुंदरबाईने एक पीस मागितलं तर तिला चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं!

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. भूषण शहाणा आहे, त्याचं ऐक. रावेरला ओळखीचे डॉक्टर आहेत, मी बोलते. आपल्या पाड्यावरून सायन्सला गेलेला तू पहिला. एक विषय राहिला की वर्ष जातं, वर्ष गेलं की मुलं केळीच्या ट्रकवर चढतात आणि परत पुस्तकाकडे वळत नाहीत. मी अशी किती तरी मुलं पाहिली आहेत. दोन ओळी खोट्या लिहिल्याने कोणाचं वाकडं होत नाही.

तू लहानपणापासून हट्टी. बोरीच्या झाडावर चढून उतरायचं नाही म्हणून बसला होतास, आठवतं का? हे झाड त्याहून उंच आहे. खाली उतर.

अंगात स्वेटर घालत जा. अक्का बोलते ती काळजीपोटी, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
ललिता

*

देवपूर, धुळे
१० फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. झाडावरून उतरलो नाही, अजून वर चढलो आहे. माफ कर.

मी खरा अर्ज दिला. 'पावरा समाजाची होळी, नवस' असं स्वच्छ लिहिलं. प्राचार्य प्रेमराज सरांनी तो वाचून परत दिला. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, बाळा, आज तू आलास, उद्या चाळीस येतील, बाहेरचे परीक्षक काय रोज बोलवायचे? मग हळू आवाजात विचारलं की तब्येत तर बरी आहे ना, तब्येतीचं काही असेल तर बघता येईल. अक्का, तेव्हा माझा निश्चय झाला. आजारी आहे म्हटलं तर हे दार उघडतं, पावरा आहे म्हटलं की बंद होतं. आईने नवस बोलला तो मी बरा व्हावा म्हणून. तो फेडायला मी आजारी असल्याचं खोटं बोलू?

मी एकटा नाही. वर्गातली फैजपूरची नाझनीन रोजे धरणार आहे. तिची तुकडी दुपारी तीन ते सात. रोजा सोडायची वेळ नेमकी प्रयोग चालू असतानाच येते. तिला तारीखसुद्धा नको, फक्त सकाळची तुकडी हवी. तिलाही नाही म्हणाले. मग आम्ही दोघं विभागप्रमुख हेमांगी मॅडमकडे गेलो. त्यांनी चष्मा काढून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या की क्रिकेटचा संघ विद्यापीठाच्या स्पर्धेला जातो तेव्हा दरवर्षी त्या मुलांची वेगळी तुकडी घेतोच की आपण. हा मुद्दा त्या सोळा तारखेच्या परीक्षा समितीत मांडणार आहेत. पालकांनाही बोलावलं आहे.

बाबांना मराठीत बोलायला अवघड जातं. तू येशील का? तुला माझं पटत नाही हे माहीत आहे. नाही आलीस तरी मी दाखला आणणार नाही. शून्य मिळालं तर पुढच्या वर्षी पुन्हा बसेन.

अक्काचा हात पाठीवर असू दे.

बादल

*

आश्रमशाळा, ता. रावेर
१८ फेब्रुवारी २०२६

चि. बादल यास अनेक आशीर्वाद.

परवा तुम्हा मुलांना बाहेर बसवलं, आणि सभा संपल्यावर शेवटची गाडी गाठायला मी धावले, त्यामुळे आत काय झालं ते तुला सांगायचं राहिलं.

खरं सांगते, मी तुझ्या बाजूने बोलायला आले नव्हते. मनात होतं की प्राचार्यांच्या पाया पडावं आणि पोराची चूक पोटात घाला म्हणावं. आई बरोबर आली, कारण तिला अखेर सांगावंच लागलं. वाटेत जळगावच्या स्टँडवर तिने एवढंच म्हटलं की खोट्या दाखल्यावर नवस फिटत नाही, मग पोराला कशाला नाचवायचं?

आत नाझनीनचे वडील आधी बोलले, फार अदबीने. हेमांगी मॅडम क्रिकेटचं बोलल्या. मग प्राचार्यांनी मला समजावलं की नियम सर्वांना एकच हवा, आणि घरातला दुसरा कोणी, एखादा चुलतभाऊ, यंदा बादलच्या जागी नाचला तर नाही का चालणार? मी मान डोलावणार होते. पण शेजारी आई बसलेली. तिला मराठी नीट कळत नाही, म्हणून ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती, की मी तिला आता काय सांगते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं की सर, परीक्षेला त्याच्या जागी चुलतभाऊ बसवला तर चालेल का?

मला वाटलं, घालवलं पोराचं वर्ष. मग हेमांगी मॅडम हसल्या आणि त्यांच्यामागून खुद्द प्राचार्य. ते आईकडे वळून आपल्या घरच्या खानदेशीत म्हणाले, माय, तुनी पोर वकील शे का मास्तरीण शे? आईने बाजारात शिकलेल्या खानदेशीत उत्तर दिलं, मना पोऱ्या जगना, बठ्ठं तेनामाच उनं. माझा पोरगा जगला, सगळं त्यातच आलं. मग ते विचार करून कळवतो म्हणाले.

काय होईल ते होवो. शून्य मिळालं तर मिळालं. तुला वर्षभर घरी बसून अभ्यास करायला मी जागा देईन, आणि माझ्या शाळेतल्या मुलांना गणित शिकवायलाही लावीन. दाखल्याचं मी बोलले होते ते पुसून टाक.

होळीला वेळेवर ये. वाट पाहणारी,
ललिता

*

देवपूर, धुळे
१४ मार्च २०२६

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

नाचून नाचून सुजलेले पाय आता बुटात मावतात. सूचना लागल्याचं तुला होळीत सांगितलंच होतं. सणासाठी आधी अर्ज देणाऱ्याला, कुठल्याही धर्माचा असो, बारा मार्चला वेगळी तुकडी. प्राचार्यांनी खाली 'फक्त या वर्षापुरते' असं लिहून ठेवलं आहे. हेमांगी मॅडम म्हणतात, पुढच्या वर्षी ते शब्द खोडायला मी बसलेय. नाझनीनला सकाळची तुकडी मिळाली. तिचा पेपर छान गेला. माझाही बरा गेला. एक द्रावण चुकलं, ते परत केलं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. परवा प्रयोगशाळेबाहेर पोचलो तेव्हा वाटलं होतं, मी एकटाच असेन. तिथे बरीच मुलं उभी होती. त्यांत तिसऱ्या वर्षाचा गोपाल होता, आमच्याच मजल्यावर राहणारा. दोन वर्षं मी त्याला शिरपूर शहराचा समजत होतो. तोही तेच सांगायचा, आणि कधी कोणात फारसा मिसळायचा नाही. त्याच्या मानेवर चुन्याचे पांढरे ठिपके अजून पुरते गेले नव्हते. मी बघत राहिलो. त्याने आधी कॉलर वर ओढली, मग सोडून दिली. म्हणाला, मागची दोन्ही वर्षं होळीला मला कावीळ झाली होती.

मग त्याने मला आपल्या पावरी बोलीत विचारलं की तुमच्याकडे यंदा होळी कशी पेटली. अक्का, या कॉलेजात माझ्याशी पावरीत बोललेला तो पहिला माणूस. आत बोलावेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहून मोठमोठ्याने बोलत होतो.

आईला हे वाचून दाखव. बाबांना नमस्कार, आणि तू आहेस तशीच भांडत राहा.

तुझा,
बादल