परत घेतलेली साक्ष

नाशिक,
९ जून १९९८

ती. कुसाअक्कास,
शांतवनचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

परवा रविवारी सकाळी, प्रभुभोजनाच्या आधी, मी चर्चमागच्या नळावर चूळ भरायला गेलो. ओठाखाली तंबाखूचा बार होता. तो थुंकायच्या आतच मागून पाळकसाहेब आले आणि म्हणाले, शांतवनदादा, पुढच्या महिन्यात घोटीला मेळावा आहे, तिथे तुमची तंबाखू सुटल्याची साक्ष द्याल ना? मला तोंड उघडता येईना. मी मान डोलावली. ते खूश होऊन गेले. मग मी थुंकलो, चूळ भरली, आत जाऊन बसलो. द्राक्षरसाचे छोटे प्याले आमच्या रांगेपर्यंत आले तेव्हा उठून बाहेर निघून आलो. तुझ्या भावजयीला, मीनाला, सांगितलं, पोट बिघडलंय.

तू म्हणशील, तंबाखू तर ईस्टरलाच सुटली. तू आणि दाजी त्या दिवशी माझ्या शेजारीच बसला होतात. अक्का, ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहाचे सात दिवस मी खरोखर तिला शिवलो नव्हतो. आठव्या दिवशी भर सभेत उठून सांगितलं, की तीस वर्षांची सवय प्रभूने काढून घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तीनच दिवसांनी, बुधवारी, दुकानात एका बाईचं मशीन काही केल्या टाका धरेना, आणि मी कधी उठून शेजारच्या टपरीवर गेलो ते मलाच कळलं नाही. तेव्हापासून चालू आहे. पुडी बॉबिनच्या डबीत ठेवतो. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बॉबिनची डबी कोण उघडून बघणार?

माझं मी कसंही निभावलं असतं, पण दाजींचं काय? गालातला पांढरा डाग बघून डॉक्टरांनी त्यांना दोनदा बजावलं होतं, त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं ते माझं. त्या दिवशी घोटीला परतताना एसटीच्या खिडकीतून पुडी फेकली, असं तूच कळवलं होतंस. आता माझं खोटं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पुन्हा सुरू केली, तर त्या डागाचं जे होईल ते माझ्या माथी. खरं सांगावं तर ही भीती, आणि न सांगावं तर मेळाव्यात दाजींच्या तोंडावर पुन्हा तेच खोटं.

तू थोरली आहेस. काय करू ते कळव. पोरांना आशीर्वाद. लोभ ठेव, यापुढे जरा जास्तच लागेल.

तुझा,
शांतवन

हे पत्र दाजींना मात्र वाचून दाखवू नकोस.


घोटी,
१६ जून १९९८

चि. शांतवन यास,
अक्काचा सलाम व अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, वाचून दाखवू नकोस हे पत्राच्या शेवटी लिहितात का? मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सगळी पत्रं मीच ह्यांना वाचून दाखवते. तुझं पत्र म्हटल्यावर हे खांबाला टेकून ऐकायलाच बसले. नळापाशी आले नि माझी जीभ अडली. तर म्हणाले, थांबू नको, वाच. सगळं वाचलं. मग तुझी शेवटची ओळ वाचली. ती पण वाचली बघ, बावळटासारखी!

हे खांबापासून उठले. ताट वाढलं तर जेवले नाहीत. टोपी घातली आणि बाजाराकडं निघाले. भाताची रोपं तशीच टाकून, पदर खोचून मी मागोमाग. हे टपरीपाशी थांबले. मनात तुला लय शिव्या दिल्या, प्रभू क्षमा करो. पण हे तिथं नुसतेच उभे राहिले आणि पुढच्या दुकानातून पावशेर फुटाणे घेऊन माघारी वळले.

घरी आल्यावर म्हणाले, ते नळाचं परत वाच. तू मान डोलावलीस हे ऐकून इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, मला वाटायचं शांतवन देवमाणूस, त्याला जमलं, पण आपण कधी घसरू याचा नेम नाय. रोज भीत होतो. आता कळलं, तो आपल्यासारखाच हाय. त्याला सांग, पासष्ट दिवस झाले, या कामात आता मी थोरला. डॉक्टरांनी परवाच तोंड बघितलं. डाग वाढला नाही.

पण हसून झाल्यावर ह्यांना दुसरी चिंता लागली. तुझी साक्ष त्यांनी इथं चार-पाच जणांना सांगितली आहे. त्यांचा निरोप असा, की मेळाव्याला ये, पण जिथं साक्ष दिलीस तिथं ती आधी परत घे. मलाही तेच वाटतं. मीनाला किती दिवस पोटाचं सांगशील?

आमचा लोभ जिथल्या तिथं आहे.
कुसाअक्का


नाशिक,
२२ जून १९९८

ती. अक्का व दाजी यांस,
शांतवनचा सलाम. वि. वि.

पत्र वाचून छातीवरचं अर्धं ओझं उतरलं. दुकानात कोणी नव्हतं म्हणून बरं, बराच वेळ चष्मा पुसत बसलो होतो.

काल चर्चमध्ये साक्षीच्या वेळी उठलो. सगळं पाठ केलं होतं. पाळकसाहेब हसून म्हणाले, बोला दादा. समोर इतकी ओळखीची तोंडं माझ्याकडे कौतुकानं बघत होती, की माझ्या तोंडून निघालं, आमच्या दाजींच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करावी. सगळ्यांनी डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. मी खाली बसलो.

घरी येऊन मीनाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, तुमचे रुमाल कोण धुतं? मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाली, मी वाट बघत होते तुम्ही कधी सांगता याची.

आज मशीनला तेल घालताना एक गोष्ट लक्षात आली. दोन महिने मी रोज प्रार्थना करतोय, की तंबाखू सुटू दे. ती सुटली असती तर साक्ष आपोआप खरी ठरली असती आणि कोणाला काही सांगावं लागलं नसतं. म्हणजे मी प्रभूला माझी अब्रू राखायला बसवलं होतं. त्या कामाला तो येत नाही, असं दिसतं. आधी खरं बोलण्याचं बळ मागायला हवं होतं. आजपासून तेच मागतोय.

दाजी, तुम्ही थोरले. लहानाला सांभाळून घ्या.
शांतवन


घोटी,
२९ जून १९९८

चि. शांतवन यास सलाम व आशीर्वाद.

ह्यांचे डोळे ठणठणीत आहेत. तुमच्या मंडळींचे आभार मानायला सांगितलं आहे. आता शांतवनच्या तोंडाकडं बघा, म्हणतात. सोबत ह्यांच्या पुडीतले फुटाणे धाडते. ओठ शिवशिवला की चार टाकायचे आणि सावकाश चावायचे. पुढचं बळ मागायचं तिथं माग. आम्ही पण इथं रोज मागतो, तुझं नाव घेऊन.

घाई आहे, भाताच्या आवणीला माणसं आली आहेत.
कुसाअक्का


नाशिक,
६ जुलै १९९८

ती. अक्का व दाजी यांस,
अक्का, हे पत्र दाजींना मोठ्यानं वाचून दाखव. या वेळी पहिल्या ओळीतच लिहिलंय. शांतवनचा सलाम.

फुटाणे बुधवारी मिळाले. त्याच दिवशी डबी रिकामी करून घासली. आता तिच्यात बॉबिन आहेत. पहिले दोन दिवस फार वाईट गेले, दोन गिऱ्हाइकांवर उगाच खेकसलो. नंतर त्यांची माफी मागितली.

काल पहिला रविवार, प्रभुभोजनाचा. साक्षीच्या वेळी उठलो. पाळकसाहेबांनी विचारलं, दाजींचे डोळे कसे आहेत? मी म्हणालो, डोळे बरे आहेत, मला माझ्या तोंडाबद्दल बोलायचंय. मग थांबलो नाही. ईस्टरला दिलेली साक्ष मी परत घेतो, असं म्हणालो. ती तीन दिवस खरी होती, पुढे खोटी. तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि मी पुडी लपवली. आज पुन्हा पाचवा दिवस आहे. उद्याचं मला माहीत नाही, म्हणून साक्ष देत नाही, फक्त आकडा सांगतो.

मग माझ्या मागच्या बाकावरून म्हाताऱ्या बायडाबाई मोठ्यानं म्हणाल्या, की मला तर एप्रिलपासनं वास येतोय, आता बस खाली बाबा, बाकीच्यांना पण प्रभूकडं जायचंय. सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले. घोटीच्या मेळाव्याचं मी त्यांना विचारून ठेवलंय. साक्ष दाजी देतील, मी शेजारी उभा राहून फुटाण्यांची पुडी धरीन.

लोभ असावा असं आता लिहीत नाही. मी खोटा असतानाही तो होता, हे बघितलंय.

प्याले फिरत आमच्या रांगेपर्यंत आले. मीना शेजारी होती. या वेळी मी उठलो नाही. प्याला हातात घेतला आणि प्यालो.

तुमचा,
शांतवन